अमेरिकानाची पहिली मैफल : ल्युसिंडा विल्यम्सला ऐकायला जाताना

अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला आलेला मराठी माणूस इथे गाणं ऐकायला जातो तो बहुतेक वेळा एखाद्या प्रचंड स्टेडियममध्ये. गायक मुंगीएवढा दिसतो आणि त्याचा चेहरा बघायचा तो पडद्यावर. त्यातही मजा असते. पण ज्याला शब्दांची ओढ आहे, जो गाण्यात आधी कविता ऐकतो, त्याने इथे एक दुसरी वाट धरावी असं मला मनापासून वाटतं. तीन-चारशे खुर्च्यांचा हॉल, समोर साठी-सत्तरी ओलांडलेला गायक किंवा गायिका, स्वतः लिहिलेली आणि स्वतःच चाल लावलेली गाणी. या गाण्याला इथे 'अमेरिकाना' म्हणतात.

शब्द नवा असला तरी माल जुना आहे. कंट्री, फोक, ब्लूज, गॉस्पेल आणि जुनं रॉक अँड रोल यांच्या मुळांवर वाढलेलं हे गाणं. रेडिओवरचं कंट्री चकचकीत होत गेलं तेव्हा ज्यांना तिथे जागा उरली नाही, अशा कलाकारांसाठी 1999 मध्ये नॅशव्हिलला अमेरिकाना म्युझिक असोसिएशन उभी राहिली. 2010 मध्ये ग्रॅमीने या प्रकाराला स्वतंत्र पारितोषिक दिलं. इतकी माहिती सुरुवातीला पुरे.

आपल्याकडे भावगीतात शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची आणि आवाज तिसऱ्याचा, अशी वाटणी असते, आणि तिघांची नावं आपण आदराने घेतो. इथे तिन्ही कामं एकच माणूस करतो. त्यामुळे आवाज 'सुरेल' आहे का, हा प्रश्न मागे पडतो. शाहिराकडून किंवा आपली कविता स्वतः गाणाऱ्या कवीकडून आपण जी अपेक्षा करतो, ती घेऊन इथे जायचं.

सगळं मोघम सांगण्यापेक्षा मी एकच गायिका धरून सांगते : ल्युसिंडा विल्यम्स. याच पायऱ्या स्टीव्ह अर्ल किंवा एमिलू हॅरिस या इथल्याच दुसऱ्या ज्येष्ठ कलाकारांसाठीही चालतील.

पहिली पायरी : कोणाला ऐकणार, ते ठरवा

ल्युसिंडाचा जन्म 26 जानेवारी 1953 चा, लुइझियानातल्या लेक चार्ल्सचा. वडील मिलर विल्यम्स कवी आणि प्राध्यापक. 1997 मध्ये बिल क्लिंटन यांच्या दुसऱ्या शपथविधीला त्यांनी आपली कविता वाचली होती. या कॉलेजातून त्या कॉलेजात अशी त्यांची नोकरी फिरती राहिली, आणि मुलगी मिसिसिपी, जॉर्जिया, मेक्सिको सिटी, चिलीतलं सांतियागो, आर्कान्सा अशी गावं बदलत वाढली. बदलीच्या नोकरीतल्या घरात जे वाढले, त्यांना हिची गाणी लवकर उमगतात. सामान बांधणं, नवी शाळा, मागे राहिलेलं अंगण, हे सगळं तिच्या गाण्यांत आहे.

नोव्हेंबर 2020 मध्ये तिला पक्षाघाताचा झटका आला. शरीराची डावी बाजू दुबळी झाली आणि गिटार पूर्वीसारखी वाजवता येईना. जिने आयुष्यभर गिटार मांडीवर घेऊन गाणी रचली, तिच्यासाठी ही केवढी मोठी गोष्ट होती ते वेगळं सांगायला नको. तरी 2021 च्या उन्हाळ्यात ती पुन्हा रंगमंचावर उभी राहिली, आणि 2023 मध्ये नवी गाणी घेऊन आली. आता वाद्यं साथीदार वाजवतात, ती माइकसमोर उभी राहून गाते.

ज्येष्ठ कलाकार ऐकायचा असेल तर 'पुढच्या वेळी बघू' म्हणू नका, हे मी अनुभवाने सांगते. जॉन प्राइन हा याच वाटेवरचा ज्येष्ठ गीतकार-गायक आमच्यापासून दोन तासांवर गाऊन गेला होता. मधला वार होता, दुसऱ्या दिवशी सकाळी मीटिंग होती, म्हणून मी गेले नाही. 7 एप्रिल 2020 ला कोविडने तो गेला. ती मीटिंग कशाबद्दल होती, हे आज मला आठवतही नाही.

दुसरी पायरी : कोणत्या रूपात आणि कोणत्या हॉलमध्ये

एकच कलाकार वेगवेगळ्या रूपांत भेटतो. कधी एकटा गिटार घेऊन, कधी एका साथीदाराबरोबर, कधी पूर्ण बँडसह. जाहिरातीत 'सोलो', 'अकूस्टिक' (म्हणजे विजेच्या वाद्यांशिवाय), 'विथ बँड' असे शब्द असतात, ते नीट वाचा. पहिल्यांदा जाणाऱ्याने शक्यतो एकट्याचा किंवा दोघांचा कार्यक्रम निवडावा. शब्द स्पष्ट ऐकू येतात, आणि गाण्यांच्या मधल्या गप्पाही जास्त असतात. ल्युसिंडा मात्र बहुधा बँडसहच भेटेल, आणि तिचा बँड विद्युत गिटारींचा, चांगला दणदणीत वाजणारा आहे. कानात घालायचे फोमचे बोळे बरोबर ठेवा. दोन-चार डॉलरची वस्तू, पण दुसऱ्या दिवशी कान वाजत नाहीत.

हॉलबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण या गाण्यात अर्धी मैफल हॉलच घडवतो.

नॅशव्हिलचं रायमन ऑडिटोरियम 1892 मध्ये प्रार्थनामंदिर म्हणून बांधलं गेलं. अजूनही बसायला चर्चमधली लांब लाकडी बाकं आहेत, खिडक्यांना रंगीत काचा आहेत. 1943 ते 1974 या काळात 'ग्रँड ओल ऑप्री' हा प्रसिद्ध रेडिओ कार्यक्रम इथूनच होत असे. जागा 2,362, पण लाकडामुळे आवाज असा काही येतो की गाणारा शेजारी बसल्यासारखा वाटतो. आयुष्यात एकदा तरी इथे जावं.

त्याच शहरातलं ब्लूबर्ड कॅफे म्हणजे दुसरं टोक. 1982 मध्ये सुरू झालेली, दुकानांच्या साध्या रांगेतली जागा. जेमतेम 90 खुर्च्या. मधोमध तीन-चार गीतकार गोल करून बसतात, आळीपाळीने आपलं गाणं म्हणतात आणि ते कसं सुचलं ते सांगतात. बोलायचं नाही, ही तिथली शिस्त. आपल्याकडच्या घरगुती बैठकीच्या इतकं जवळचं मी इथे दुसरं काही पाहिलेलं नाही.

पण त्यासाठी नॅशव्हिलच गाठायला हवं असं नाही. बे एरियात राहत असाल तर बर्कलीचं 'फ्रेट अँड सॅल्व्हेज' आहे, 1968 पासूनचं, डाउनटाउन बर्कली बार्ट स्टेशनपासून चालत जाण्यासारखं. लॉस एंजेलिसकडे असाल तर सँटा मोनिकातलं 'मॅकेब्ज' : दिवसा गिटारींचं दुकान, आणि ठरलेल्या संध्याकाळी मागच्या खोलीत दीडशे माणसांसमोर मैफल, भिंतींवर गिटारी टांगलेल्या. मिशिगनमध्ये अ‍ॅन आर्बरचं 'द आर्क', चारशे जागांचं, स्वयंसेवकांच्या बळावर चाललेलं. वॉशिंग्टनच्या आसपास असाल तर अलेक्झांड्रियातलं 'बर्चमिअर', जिथे टेबलाशी बसून जेवता जेवता ऐकायचं, पण गाणं सुरू झालं की गप्प. टेक्सासात ग्रूनचा डान्स हॉल 1878 पासून उभा आहे. तिथलं वातावरण वेगळं, लोक नाचतात, बिअर पितात, आणि ते तिथे शोभतं.

पैसे खर्च करायचे नसतील तर ऑक्टोबरच्या सुरुवातीला सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमध्ये 'हार्डली स्ट्रिक्टली ब्लूग्रास' हा तीन दिवसांचा महोत्सव असतो. वॉरन हेलमन या बँजो वाजवणाऱ्या धनिकाने 2001 मध्ये तो सुरू केला आणि आपल्या पश्चातही तो फुकटच राहील अशी तजवीज करून ठेवली. सतरंजी, टोपी आणि गरम कपडे तिन्ही न्या. दुपारी ऊन आणि संध्याकाळी समुद्राकडून बोचरा गारवा येतो.

तिसरी पायरी : तिकीट

इथे लोक हमखास फसतात. गुगलवर गायकाचं नाव टाकलं की वरती जे दिसतं ते पुष्कळदा फेरविक्रीचं दुकान असतं, आणि ते हॉलचंच संकेतस्थळ असल्यासारखं दिसतं. तिथे तेच तिकीट दुप्पट-तिप्पट भावाने मिळतं. सरळ रस्ता असा : आधी गायकाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर 'टूर' पान उघडा, आणि तिथल्या दुव्यावरूनच हॉलच्या तिकीट खिडकीवर जा. ज्या हॉलमध्ये जायची शक्यता आहे, त्याच्या ईमेल यादीत आजच नाव घाला. विक्री सुरू होण्याच्या आदल्या दिवशी यादीतल्या लोकांना बरेचदा आगाऊ संधी मिळते.

12 मे 2025 पासून अमेरिकेत नियम आहे की कार्यक्रमाच्या तिकिटाची सक्तीच्या सगळ्या शुल्कांसकट किंमत पहिल्यापासून दाखवली पाहिजे. कुठे शेवटच्या पानावर अचानक शुल्क वाढलेलं दिसलं तर पैसे भरू नका.

'जनरल अ‍ॅडमिशन' लिहिलं असेल तर खुर्चीला नंबर नाही, जो आधी येईल तो पुढे बसेल. काही ठिकाणी याचा अर्थ पूर्ण वेळ उभं राहायचं असाही होतो, म्हणून 'सीटेड' हा शब्द शोधा. 'विल कॉल' म्हणजे तिकीट दारातल्या खिडकीवर, फोटो असलेलं ओळखपत्र दाखवून घ्यायचं.

ज्येष्ठ कलाकारांच्या बाबतीत तब्येतीमुळे तारखा पुढे जातात. तारीख बदलली तर बहुधा जुनं तिकीटच चालतं, पण विमानाचे आणि हॉटेलचे पैसे अडकतात. दुसऱ्या शहरात जाणार असाल तर रद्द करता येईल असंच हॉटेल घ्या.

चौथी पायरी : जाण्याआधीची तयारी

ही पायरी गाळू नका. आपल्या कानांना दक्षिणेकडचे उच्चार सवयीचे नसतात. ल्युसिंडा शब्द लांबवते, एकमेकांत मिसळते, ओळीचा शेवट कधी नुसता हवेत सोडून देते. न वाचता गेलात तर सूर पोचतील, अर्थ निसटेल.

तिचे सगळे अल्बम ऐकत बसू नका. दोन पुरेत : तिच्याच नावाचा 1988 चा, आणि 1998 चा 'कार व्हील्स ऑन अ ग्रॅव्हल रोड'. या दुसऱ्या अल्बमला तिने जवळजवळ सहा वर्षं घेतली, झालेलं ध्वनिमुद्रण बाजूला ठेवून पुन्हा केलं, निर्माते बदलले. लोकांनी हट्टी म्हटलं. नंतर त्यालाच ग्रॅमी मिळालं, आणि आजही अमेरिकाना म्हणजे काय हे कोणी विचारलं की मी हाच अल्बम हातात ठेवते.

आधी एकदा नुसतं ऐका. मग शब्द समोर ठेवून ऐका. तिसऱ्यांदा ऐकताना नकाशा उघडा. हे नकाशाचं कदाचित कोणी तुम्हाला सांगणार नाही, पण माझ्यासाठी सगळं त्यानेच उलगडलं. लेक चार्ल्स, ग्रीनव्हिल, जॅक्सन ही तिच्या गाण्यांची नावंच आहेत. लुइझियाना-मिसिसिपीच्या त्या रस्त्यावर बोट फिरवत गाणं ऐकलं की कळतं, माणूस गेल्याचं दुःख ती गावांच्या नावांतून मोजते. अभंगाच्या शेवटी जशी संताची नाममुद्रा येते आणि हे कोणाचं बोलणं ते कळतं, तशी ही गावं तिची मुद्रा आहेत.

त्या अल्बमच्या शीर्षकगीतामागे एक हकीकत आहे, ती माहीत असली तर प्रत्यक्ष ऐकताना घशात आवंढा येतो. गाण्यात खडीच्या रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीत मागच्या सीटवर एक लहान मूल बसलेलं आहे. ल्युसिंडाने ते पहिल्यांदा ब्लूबर्ड कॅफेत म्हटलं तेव्हा वडील ऐकायला होते. गाणं झाल्यावर त्यांनी मुलीजवळ येऊन तिची क्षमा मागितली. ते मूल म्हणजे आपणच, हे लिहिताना तिच्याही लक्षात आलं नव्हतं. वडिलांना आधी कळलं.

पाचवी पायरी : त्या संध्याकाळी

'डोअर्स 7, शो 8' असं लिहिलं असेल तर सातला दार उघडतं आणि आठला गाणं सुरू होतं. पण आठला जी येते ती बहुधा मुख्य गायिका नसते. आधी अर्धा-पाऊण तास कोणीतरी नवा कलाकार गातो, त्याला 'ओपनर' म्हणतात. बरेच जण तेवढा वेळ बाहेर बिअर घेऊन उभे असतात. तुम्ही आत बसा. हा नवखा माणूस पुष्कळदा ज्येष्ठ कलाकाराच्या पसंतीने आलेला असतो. माझ्या आवडीच्या निम्म्या गायकांशी ओळख अशीच झाली.

छोटी पिशवी न्या, मोठी सॅक दारात अडवतात. मद्य घेणार असाल तर वय दाखवणारं ओळखपत्र लागतं, केस पांढरे असले तरी. जेवून जा. पाचाच्या आणि दहाच्या थोड्या नोटा जवळ असू द्या. आई-वडील इकडे आले असतील तर त्यांना जरूर न्या, फक्त बसायची जागा पक्की करून घ्या आणि स्वच्छतागृहाच्या बाजूची खुर्ची निवडा.

सहावी पायरी : ऐकायचं कसं

आपली बैठकीची सवय अशी की जागा आवडली की तिथल्या तिथे दाद द्यायची. हात वर जातो, 'वाहवा' निघते, आणि गाणाऱ्याला ती हवीच असते. इथे गाणं चालू असताना अशी दाद देत नाहीत. शेवटचा सूर पूर्ण विरेपर्यंत थांबायचं, मग टाळ्या. सुरुवातीला मला हे फार कोरडं वाटलं. पुढे कळलं की ही शांतताच दाद आहे. चारशे माणसं श्वास धरून बसली आहेत हे गाणाऱ्याला वरून जाणवतं, आणि ती पुढची ओळ आणखी हळू म्हणते.

फोन खिशातच ठेवा. एखादा फोटो पहिल्या गाण्यात, झगझगाट न करता. अख्खं गाणं टिपू नका. मागच्या माणसाच्या डोळ्यात तुमचा पडदा जातो, आणि तुम्ही स्वतः ते गाणं पडद्यावर बघता.

मधेच ओरडून फर्माईश करू नका. एखादा ओरडतो, कलाकार हसून घेतो, पण गाण्यांचा क्रम त्याने विचाराने लावलेला असतो. फर्माईश हवीच आहे असं तो स्वतः म्हणाला तर गोष्ट वेगळी.

दोन गाण्यांमधलं बोलणं कान देऊन ऐका. गिटार जुळवताना, तारांवर कॅपो (पट्टी बदलायचा चाप) सरकवताना गायक जे सांगतो तो कार्यक्रमाचाच भाग असतो. ल्युसिंडा सांगते की अमुक गाणं कोणावर आहे, ऑस्टिनच्या ब्लेझ फोली या फाटक्या गीतकारावर, ज्याचा 1989 मध्ये गोळी लागून मृत्यू झाला. किंवा वडिलांच्या कवितेला तिने चाल लावली त्याबद्दल. अशी एक कविता तिच्या 2014 च्या अल्बममध्ये आहे, आणि पुढच्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी मिलर विल्यम्स गेले.

एकट्या गिटारवाल्याला ऐकत असाल तर त्याच्या उजव्या हाताच्या अंगठ्याकडे बघा. अंगठा जाड तारांवर डग्ग्यासारखा ठेका धरून असतो, बाकीची बोटं बारीक तारांवर चाल वाजवतात. एकाच हातात ताल आणि सूर. केंटकीच्या मर्ल ट्रॅव्हिस या गिटारवादकावरून या वादनाला 'ट्रॅव्हिस पिकिंग' म्हणतात. एकदा डोळ्यांना ते दिसलं की दोन माणसं वाजवताहेत असं का वाटत होतं ते कळतं.

आणि आवाजाबद्दल. सत्तरीतला आवाज तिशीतल्या अल्बमसारखा नसणार. गाणी खालच्या पट्टीत येतात, वरचा सूर टाळून गायक दुसऱ्या वाटेने जातो, कधी ओळ जवळजवळ बोलूनच टाकतो. याला उणीव समजू नका. उतारवयातल्या गवयाचा एकच षड्ज ऐकायला आपण पहाटेपर्यंत बसतो, तोच कान इथे लावायचा. पंचविशीत लिहिलेली ओळ तीच व्यक्ती सत्तरीत म्हणते तेव्हा शब्द तेच राहतात, पण मधलं सगळं आयुष्य त्या ओळीत आलेलं असतं. घरात बसून ऐकलेल्या अल्बममध्ये ते कसं असेल?

मी आईला एकदा अशा मैफलीला नेलं होतं. तिला इंग्रजी बेताचंच कळतं, त्यातून हे दक्षिणेकडचे उच्चार. एका संथ गाण्यानंतर टाळ्या चालू असताना तिने माझ्या कानाशी येऊन विचारलं, "हिचं कोण गेलं गं?" ते गाणं खरंच एका गेलेल्या मित्रावर होतं.

शेवटची पायरी : गाणं संपल्यावर

गायक 'थँक यू' म्हणून आत जातो तेव्हा उठू नका. टाळ्या चालू ठेवायच्या, तो परत येतो आणि दोन-तीन गाणी म्हणतो. आपल्या वन्समोअरमध्ये तेच गाणं पुन्हा होतं, इथे नवीन गाणी होतात. पार्किंगमधून लवकर सुटायचं म्हणून जे आधी निघतात, त्यांचं बरेचदा सगळ्यात चांगलं गाणं हुकतं.

बाहेर पडताना दाराजवळ टेबल मांडलेलं असतं : सीडी, तबकड्या, टी-शर्ट. ऑनलाइन ऐकण्यातून गीतकाराच्या हाती फार थोडे पैसे येतात. टेबलावर घेतलेल्या वस्तूचा बराच मोठा वाटा त्याला मिळतो. ओपनर बहुधा स्वतःच टेबलामागे उभा असतो, त्याची एखादी सीडी घ्या आणि कोणतं गाणं आवडलं ते नाव घेऊन सांगा. ज्येष्ठ कलाकार सही द्यायला येतीलच असं नाही, आणि आल्याच तर रांग लांब असते. एक वाक्य बोला, फोटोसाठी खांद्यावर हात टाकू नका, ल्युसिंडाला उभं राहायला कष्ट पडतात हे लक्षात ठेवा.

घरी आल्यावर जी दोन-तीन गाणी तुम्हाला अनोळखी होती, त्यांचे आठवतील ते शब्द झोपायच्या आधी लिहून काढा. दुसऱ्या दिवशी त्यावरून गाणं सापडतं, आठवड्यानंतर सापडत नाही.